आठ नावांची यादी

सुजाताताई खिल्लारे यांची आणि माझी ओळख एका लोणच्याच्या बरणीमुळे झाली. गंगाखेडहून सोनपेठला येणाऱ्या एसटीत आई आणि मी मागच्या बाजूला उभ्या होतो. रस्त्यात म्हैस आडवी आली, ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला आणि वरच्या फळीवरून कुणाची तरी चिनी मातीची बरणी सुटली. मी ती एका हाताने झेलली. बरणीची मालकीण मला आशीर्वाद देत होती, तेवढ्यात पुढून गर्दी कापत कंडक्टर बाई आल्या. खाकी साडी, खांद्याला पैशाची पिशवी, हातात तिकिटाचं मशीन. मला वाटलं, तिकीट मागतील. त्यांनी माझं मनगट धरलं आणि तळवा उलटासुलटा करून पाहिला.

"डावखुरी हायेस का?"

"न्हाई."

"मग डाव्या हातानं कामून धरलीस?"

"उजव्या हातात दांडा होता."

त्यांनी मान हलवली, जणू मी परीक्षेत बरोबर उत्तर दिलं होतं. मग आईकडे वळून म्हणाल्या, "मावशी, ही पोरगी मला पायजे. उद्या पाचला जिनिंगच्या मागं पाठवा." आई इतकी घाबरली की घरी येईपर्यंत तिने माझा दंड सोडला नाही.

ताई पूर्वी विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळल्या होत्या. खेळावर त्यांना काही मिळालं नाही. भरतीत कंडक्टरची नोकरी लागली, लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि तरीही सकाळच्या फेऱ्या संपवून घरी आल्या की भाकरी थापण्याआधी त्या चेंडू घेऊन बाहेर पडायच्या. सोनपेठमध्ये तेव्हा बास्केटबॉल म्हणजे काय हे सांगायला आधी हाताने कडं करून दाखवावं लागायचं. मैदान नव्हतं, बास्केट नव्हतं, खेळणाऱ्या मुली नव्हत्या. कापसाच्या जिनिंगच्या मालकांकडे, अण्णासाहेबांकडे, त्या स्वतः गेल्या. अण्णासाहेबांच्या जिनिंगमागे सिमेंटचा मोठा ओटा होता. हंगामात तिथे कापसाच्या गंज्या लागत, एरवी तो मोकळाच असे.

इथे अण्णासाहेबांचं जे देणं आहे ते मी देऊन टाकते. त्यांनी ओटा दिला, वेल्डिंगवाल्याकडून दोन खांब आणि कडी करून दिली, आम्हा सगळ्यांना बूट घेतले. क्लबची रीतसर नोंदणी केली. क्लबला स्वतःच्या आईचं नाव दिलं, आणि दोन्ही खांबांवर स्वतःचं. हे सगळं त्यांनी केलं आणि त्याबद्दल त्यांना मान मिळायला हवा, असं ताई शेवटपर्यंत म्हणत. मला मात्र माणसाने चांगलं काम करून नंतर त्याच्याच जोरावर दुसऱ्याला अडवावं याचीच जास्त चीड येते. काहीच न देणारा निदान काही हिसकावूनही घेत नाही.

मला खेळायला पाठवायला माझे वडील तयार नव्हते. आमची पिठाची गिरणी होती आणि गिरणीत दळणासोबत गावभरची मतंही येतात. पोरगी अर्ध्या चड्डीत नाचणार, वगैरे. ताई एक दिवस गाडी घेऊन आल्या, म्हणजे खरोखरच एसटी घेऊन. गिरणीसमोर थांबा नव्हता, तरी त्यांनी घंटी मारली, खाली उतरल्या आणि गाडीभर माणसं खिडकीतून बघत असताना वडिलांना म्हणाल्या, "दादा, मी रोज नव्वद मानसांत उभी ऱ्हाऊन तिकीट द्यायलीय. मला कुनी खाल्लं न्हाई. तुमच्या पोरीला साडेसातला घरी सोडायचा जिम्मा माझा. एक दिस जरी उशीर झाला तर माझी गाडी हितं अडवा." वडील पिठाने माखलेले हात पुसत राहिले. गाडीतून कुणीतरी ओरडलं, "ओ मालक, व्हय म्हना, आमाला दवाखान्यात जायचंय." वडील हो म्हणाले.

त्यांचं शिकवणं सगळं एसटीच्या भाषेत चाले. "डोळे बॉलवर ठिवू नका, दारावर ठिवा. बॉल यायचा तवा येईल, मानूस कुठून घुसायलाय ते बगा." कुणी चेंडू हातात धरून विचार करत उभी राहिली की म्हणत, "जागा दिसली की घुसावं. जागा दिसल्यावर बी इचार करती ती शेवटपर्यंत उभीच ऱ्हाती." आणि दमलो म्हटलं की, "दमलीस? मग दमल्यावानी पळ. पर पळ." कापसाच्या हंगामात ओट्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लागत. तेव्हा त्या आम्हाला आठवडी बाजाराच्या मोकळ्या जागेत नेत आणि बास्केटऐवजी कडुलिंबाच्या एका फांदीला दोरीचं कडं बांधून नेम धरायला लावत. फांदी वाऱ्याने हलायची. ताईंना ते पसंतच होतं. "हलत्या फांदीत टाकायला शिकलात की ते लोखंडाचं कडं तुमच्यापुढं हात जोडून उभं ऱ्हाईल."

दोन वर्षांत आम्ही बारा जणी झालो. बास्केटबॉलचा संघ बाराचा असतो. पाच मैदानात खेळतात, सात जणी बाकावर बसतात आणि आळीपाळीने आत जातात, कारण तो खेळच असा आहे की चाळीस मिनिटं एकसारखं कुणालाही पळवत नाही. त्या बाराजणींत गोदावरी होती. गोदाकाठच्या एका खेड्यातली, आई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला. उंची सहा फुटाला दोन बोटं कमी. गावात तिला चिडवत, मुलगा कुठून मिळणार म्हणून घरचे काळजीत असत. ती एसटीत वाकून उभी राहायची. ताईंनी तिला पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलल्या, तर, "सरळ उभी ऱ्हा. टप माझ्या गाडीचाय, तुझं डोकं लागलं तर भरून मी दीन." गोदा बास्केटखाली उभी राहिली की वरून येणारा चेंडू तिचाच. आमच्या जिल्ह्यात तिच्यावरून चेंडू काढणारी मुलगी नव्हती.

त्या वर्षी आम्ही जिल्हा जिंकलो, मग विभाग जिंकला. राज्य स्पर्धेचं पत्र आलं. स्पर्धा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका शहरात होती. त्या पत्राचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळणार नाही म्हणून सांगते. राज्य स्पर्धेत पहिल्या तिनात येणाऱ्या संघाच्या मुलींना प्रमाणपत्र मिळतं आणि त्या प्रमाणपत्रावर सरकारी नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागांसाठी अर्ज करता येतो. आमच्यातल्या बऱ्याच जणींच्या घरी सरकारी नोकरी आधी कुणाला लागली नव्हती. ताईंनी ते पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिकिटाच्या मशीनसोबत जपलं होतं.

अण्णासाहेबांनी ताईंना बोलावलं तेव्हा कर्णधार म्हणून शबाना आणि सोबत म्हणून मी अशा दोघी बरोबर गेलो. ते कचेरीत वजनकाट्यामागे बसले होते. चहा आला.

"अभिनंदन मॅडम. गाडी सांगितली तुमच्यासाठी," ते म्हणाले. "आठ पोरी अन् तुमी. नऊ जन."

"अण्णा, संघ बाराचा हाय."

"मैदानात किती खेळतेत?"

"पाच."

"मग? मी तीन जास्तीच्या दिल्या की. बाकीच्या बसूनच ऱ्हातेत म्हनं. बसायला इतक्या लांब कशाला न्यायचं? हितं बसतील."

ताईंनी त्यांना समजावलं. खेळाडू दमते, पाय मुरगळतो, पाच फाऊल झाले की मुलगी बाहेर बसते आणि परत आत येत नाही. अण्णासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक गाडी, नऊ मानसं, दोन खोल्या. त्याच्यावर ह्या साली मी जाणार न्हाई."

"मग चौघींचं मी बघते. एसटीनं नेते. उभ्यानं येतील, पर येतील. ऱ्हायचं माझ्या मावशीच्या नणंदेकडं करते."

तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. "म्हंजे लोकांनी म्हनायचं, अण्णाचा संघ अन् चार पोरी वर्गणीवर आल्या? अण्णानं अर्धाच संघ नेला? ते न्हाई जमायचं. संघ माझ्या आईच्या नावाचाय. आठ जायच्या असतील तर जा, न्हाईतर ह्या साली राहू द्या. यादीवर सही माझीच लागती, मालूम हाय ना तुमाला?"

मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि मोठ्या माणसांसमोर मान खाली घालून बसण्याची सवय होती. आज तो प्रसंग आठवला की हातातलं काम थांबतं. स्वतः द्यायचं नाही हे एक वेळ समजू शकते, हात आखडायचा हक्क प्रत्येकाला असतो. पण दुसऱ्याने दिलं तर आपली अब्रू जाते म्हणून तेही होऊ द्यायचं नाही? त्याच आठवड्यात त्यांच्या क्रिकेट स्पर्धेचे फलक गावात लागले होते. सर्वोत्तम खेळाडूला मोटारसायकल. कचेरीतून बाहेर पडताना ती मोटारसायकल हार घालून दारातच उभी होती. शबानाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी ताई ड्युटीवरून थेट ओट्यावर आल्या. साडी बदललेली नव्हती. आम्हा बाराजणींना समोर बसवून त्यांनी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. काही लपवलं नाही, मालकांना शिव्याही दिल्या नाहीत. मग म्हणाल्या, "न्हाई गेलो तर बाराच्या बारा जनीचं प्रमानपत्र जाईल. गेलो तर चौघींचं जाईल. काय करावं ते मला रातभर कळलं न्हाई. मी आठ नावं लिहिलीत."

त्यांनी नावं वाचली. आठवं नाव माझं, जोतीचं, होतं. गोदाचं नाव त्यात नव्हतं.

आमच्यापैकी एकीलाही ते खरं वाटलं नाही, मला तर नाहीच. ताईंनी खडूने सिमेंटवर मैदान काढलं आणि तिथेच बसून आम्हाला हिशेब समजावला. "बारा असल्या की एकेकीचं एकेक काम असतं. गोदानं बास्केटखाली उभं ऱ्हावं, बाकीच्यांनी पळावं. आठ असल्या की परतेकीला दोन जागा खेळता आल्या पायजेत. एक पडली, एक बाहेर गेली, की उरलेलीनं तिची बी जागा भरायची. जोती पुढं बी खेळती, मागं बी खेळती. दोन्हीकडं बरी हाय." मग त्या गोदाकडे वळल्या. "गोदा, तुझ्यासारखी तुझ्या जागंवर अख्ख्या विभागात न्हाई. पर तुला बॉल घेऊन मैदानभर पळता येत न्हाई. बारात माझी पहिली तू. आठात मला तुला बसवता येईना."

गोदा बुटाची नाडी सोडत होती. ती म्हणाली, "ताई, मी उंच झाले हे चुकलं का?"

ताईंनी हातातला खडू मोडला. एवढंच.

स्पर्धेत आम्ही चांगलं खेळलो हे आमच्याबद्दल कुणी आजवर लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते. मोठ्या शहरांचे संघ होते, बारा-बारा मुली, सोबत फिजिओ, पाण्याच्या वेगळ्या बाटल्या. आम्ही आठ. साखळी सामने जिंकलो, उपांत्य सामना जिंकलो. त्या सामन्यात शबानाचा घोटा मुरगळला आणि अंतिम सामन्याला आम्ही सात उरलो. तिसऱ्या सत्रापर्यंत आम्ही सहा गुणांनी पुढे होतो. ताई बाकाजवळ उभ्या राहून ओरडत होत्या, "दारं बंद करा, दारं बंद करा." पण समोरच्या संघात दोन उंच मुली होत्या आणि बास्केटखाली त्यांना अडवायला आमच्याकडे कुणी नव्हतं. अडवायचं म्हणजे उड्या मारायच्या, उड्या मारल्या की हात लागायचा, हात लागला की फाऊल. गोदा असती तर तिला उडीसुद्धा मारावी लागली नसती. शेवटच्या सत्राआधीच आमच्या दोघी पाच फाऊल होऊन बाहेर बसल्या. बदलीला कुणी नव्हतं. मग तिसरी गेली आणि आम्ही चौघी उरलो. सामना संपायला तीन मिनिटं होती तेव्हा माझा पाचवा फाऊल झाला.

मी बाकावर येऊन बसले आणि मैदानात पाहिलं. समोर पाच मुली, ताज्या दमाच्या, नुकत्याच बदललेल्या. आमच्या तिघी. प्रेक्षकांत आधी हसू पसरलं, मग ते ओसरलं. त्या तिघी शेवटच्या शिट्टीपर्यंत धावल्या. एकीने त्यातही एक बास्केट केलं. ताई ओरडायच्या थांबल्या होत्या. त्या नुसत्या उभ्या होत्या, हात बांधून.

आम्ही अकरा गुणांनी हरलो. दुसरा क्रमांक आला. आठ प्रमाणपत्रं मिळाली.

अण्णासाहेबांनी सत्कार ठेवला. मांडव, ढोल, फेटे, आणि त्यांच्या भाषणात "मी काहीच कमी पडू दिलं न्हाई" हे वाक्य दोनदा. मांडवात मागच्या रांगेत गोदा आणि उरलेल्या तिघी बसल्या होत्या. ताईंच्या सांगण्यावरून आल्या होत्या. ताईंना स्टेजवर बोलावलं, शाल पुढे झाली. ताईंनी ती घेतली नाही. माईक जवळच होता, त्यामुळे त्यांचं साधं बोलणं सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"अण्णा, हा सत्कार कशाचा? मी चार पोरी घरी बसवून गेले त्याचा? शेवटची तीन मिंटं मपल्या तीन पोरी पाचजनींसंगं खेळल्या. तुमी म्हनला होतात पाचच खेळतेत, तीन जास्तीच्या दिल्यात. मला तीनच उरल्या. शाल राहू द्या."

त्या खाली उतरल्या आणि गोदाशेजारी जाऊन बसल्या. निवेदकाने घाईघाईने पुढचं नाव पुकारलं. ढोलवाल्यांना वाटलं कार्यक्रम संपला, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

त्या हंगामात कापूस ओट्यावर आला तो परत कधी हललाच नाही. नंतर तिथे पत्र्याचं शेड झालं. खांब कापून नेले. क्लब कागदावर अण्णासाहेबांचा होता, त्यामुळे आमच्या हातात काहीच नव्हतं. ताईंनी स्वतःचा क्लब नोंदवायला घेतला. अर्ज, दाखले, परभणीच्या खेपा. रजा टाकून जायच्या आणि अर्धी रजा साहेब जागेवर नाहीत म्हणून वाया जायची. नोंदणी व्हायला दोन वर्षं लागली. तोवर बाराजणींतल्या सात जणींची लग्नं झाली होती.

पुढे गोदाने आणि मी एकाच भरतीचे अर्ज भरले. लेखी परीक्षेत तिला माझ्यापेक्षा चार गुण जास्त होते. नोकरी मला लागली. खुल्या यादीत चार गुण जास्त असूनही तिचं नाव बसलं नाही आणि खेळाडूंच्या यादीत चार गुण कमी असून माझं बसलं. मी आज तहसील कार्यालयात टेबलाशी बसते, पंख्याखाली. गोदा परभणीच्या एका खासगी दवाखान्याच्या दारात गणवेश घालून सुरक्षा रक्षक म्हणून उभी असते, बारा तास. ती माझ्याहून चांगली खेळाडू होती आणि माझ्याहून हुशार होती. हे मी नम्रपणाने सांगत नाही. दोन्ही गोष्टी कागदावर आहेत.

नव्या क्लबात ताईंनी एकच नियम केला. बारा जातील किंवा कुणीच जाणार नाही. एका वर्षी विभागीय स्पर्धेला नऊजणींचीच सोय झाली. ताईंनी संघ पाठवला नाही. पालक चिडले, मुली रडल्या. मीही त्यांच्याशी भांडले. म्हटलं, नऊजणींचं नुकसान का करता? मला अजूनही त्या वर्षीचा त्यांचा निर्णय पूर्ण पटलेला नाही. त्या मला म्हणाल्या, "तुला पटायचं न्हाई जोती. तू आठात होतीस." ते लागलं मला. बरेच दिवस मी त्यांच्याकडे गेले नाही.

मग त्यांचं दुखणं निघालं. कावीळ समजून दोन महिने गेले, ती कावीळ नव्हती. ज्या दवाखान्यात त्यांना ठेवलं होतं त्याच्याच दारात गोदा ड्युटीला होती. दुपारी भेटीची वेळ झाली की ती टोपी काढून वर येऊन बसायची. एके दिवशी मी गेले तेव्हा गोदा जेवायला गेली होती आणि ताई एकट्या होत्या. खूप वाळल्या होत्या. मी उगाच जुन्या गोष्टी काढल्या आणि बोलता बोलता अण्णासाहेबांना वाटेल ते बोलले. इतकी वर्षं साठलेलं होतं.

ताईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्येचा कंजूसपना त्येच्यापाशी. माझं दुखनं येगळंच हाय. यादी माझ्या अक्षरात हाय, जोती."

"तुम्ही काय करणार होता? सही त्यांची होती."

"सही त्येंची. नावं माझ्या हातची. मालक मोकळा झाला. त्येनं आकडा सांगितला, पोरी मी काढल्या. गोदाच्या डोळ्याला डोळा मी भिडवला, त्येनं न्हाई." त्या थोडा वेळ श्वास घेत राहिल्या. "आज ती येळ असती तर मी कागद त्येंच्यापुढं ठेवला असता. बाराजनी समोर उभ्या केल्या असत्या अन् म्हनले असते, अण्णा, हा पेन घ्या. कोन नको ते तुमच्या हातानं लिवा, अन् तिच्या तोंडाकडं बघून लिवा."

मग त्यांनी मला पाणी मागितलं. त्यानंतर ताई त्या विषयावर बोलल्या नाहीत, आणि मी ऑफिसात कितीतरी याद्या टाइप केल्या आहेत, पण त्या दिवसापासून एखादं नाव गाळताना माझा हात आधीसारखा चालत नाही.

ताई गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही बाराच्या बारा जणी आलो. कुणी पुण्याहून, कुणी मुलं कडेवर घेऊन. गल्लीच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स लागला होता. भावपूर्ण श्रद्धांजली. वरच्या बाजूला अण्णासाहेब हात जोडून उभे, पुरुषभर उंचीचे. खाली कोपऱ्यात ताईंचा फोटो, पासपोर्टच्या फोटोतून मोठा केलेला, धुरकट. त्याखाली लिहिलं होतं, "आमच्या संघाच्या मार्गदर्शिका." आमच्या. ज्या माणसाने त्यांच्या पायाखालचं मैदान काढून घेतलं, तो त्यांच्या मरणावरही आपलं नाव लावून गेला होता, आणि गावाला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. ताईंचे यजमान म्हणाले, "असू द्या पोरींनो. आज तकरार नको."

मी गोदाशेजारी उभी होते. इतक्या वर्षांत जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते विचारलं. "गोदा, तुला माझा राग येतो का?"

"तुझा कामून येईल?" ती म्हणाली. "तू कुठं मालक होतीस."

अंगणात बायका जमत होत्या. आदल्या दिवशी टँकरने पाणी सांडलं होतं, जमीन ओली होती आणि सतरंज्या पुरत नव्हत्या. गोदाने एकदा अंगणाकडे पाहिलं, एकदा गल्लीकडे. मग तिने जाऊन फ्लेक्सच्या चारी दोऱ्या सोडल्या, शबानाने दुसरं टोक धरलं, आणि दोघींनी तो अंगणात आणून पसरला. चेहरा खाली, पांढरी बाजू वर. यजमानांनी पाहिलं आणि ते पाण्याचा जार आणायला आत गेले.

बायका त्यावर बसल्या. आम्हीही बसलो. मग भंतेजींनी वंदना सुरू केली.